फुलाच्या औषधाचा वास

माझा पीएच.डी.चा विषय काय आहे, हे आमच्या घरात एकालाही धड सांगता येत नाही. आई पाहुण्यांना सांगते, की पोरीचं रक्ताचं कायतरी चाललंय. धाकटा भाऊ म्हणतो, की आक्काला औषधवाल्या दुकानदारांच्या पोटावर पाय द्यायचाय. नवरा नुसतं 'केमिस्ट्री' म्हणतो आणि विषय बदलतो. माझे मार्गदर्शक इतकी वर्षं सह्या करतायत, पण शीर्षक वाचायची वेळ आली की चष्मा शोधायला लागतात. ते शीर्षक त्यांनीच मला दिलंय, ही गोष्ट वेगळी.

विषय खरं तर सोपा आहे. नायट्रोबेंझिन नावाचं एक द्रावक आहे. मूळचा धंदा त्याचा रंगाच्या नि पॉलिशच्या कारखान्यातला. पण कुणाच्या तरी डोक्यात आलं, की हेच पातळ करून झाडावर मारलं तर फुलं जास्त लागतात. झालं. आमच्या इंदापूर-बारामती पट्ट्यात ते बाटलीत भरून आलं, वर डाळिंबाच्या फुलाचं चित्र. लोक त्याला फुलाचं औषध म्हणतात. आणि आमच्याकडं एकदा एखाद्या गोष्टीला औषध म्हटलं, की तिची भीती बाळगायचं काम उरत नाही.

हे औषध नाकातून, तोंडातून किंवा नुसतं कातडीतून अंगात गेलं, की रक्त बिघडवतं. रक्तातला जो लाल पदार्थ फुप्फुसातला प्राणवायू उचलून अंगभर पोचवतो, त्यातलं लोह बदलतं आणि तो प्राणवायू उचलायचंच सोडून देतो. माणूस श्वास घेत असतो, हवा आत-बाहेर होत असते, आणि तरी तो आतून गुदमरतो. ओठ निळे, नखं निळी, आणि रक्त लालऐवजी काकवीच्या रंगाचं. त्या आजाराला मेथहिमोग्लोबिनिमिया म्हणतात. हा शब्द मी घरात पहिल्यांदा उच्चारला त्या संध्याकाळी आईनं माझी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली.

माझं संशोधन म्हणजे गावोगाव फिरून फवारणी करणाऱ्यांच्या बोटाला टोचायचं आणि रक्ताचा एक थेंब पांढऱ्या गाळणकागदावर घ्यायचा. शेजारी माझा स्वतःचा थेंब. चांगलं रक्त हवा लागली की लालभडक होतं. बिघडलेलं तसंच तपकिरी राहतं. तपासणीचं पुढचं यंत्र कॉलेजात होतं, पण नुसत्या कागदावरही पहिला अंदाज येतो. आता एवढ्याशा थेंबासाठी लोकांनी किती भाव खावा! पाठीवर पंप घेऊन, उघड्या अंगानं, बिडी ओढत औषधाच्या धुक्यातून चालणारा गडी सुई बघितली की आईच्या पदराआड जायचा. एकानं तर मला विचारलं, की रक्त विकून किती मिळतात.

आणि एवढं करून निघायचं काय, तर लाल. शेळगावात लाल, वरकुट्यात लाल, सगळीकडं लालच लाल. कुणाचा थेंब जरा मळकट वाटला तरी यंत्र म्हणायचं, काळजीचं काही नाही. मार्गदर्शकांनी समजूत घातली, की काही न सापडणं हाही निष्कर्षच असतो. माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढी उन्हं डोक्यावर घेऊन हिंडायचं आणि शेवटी लिहायचं काय, की औषध मारा, मजेत राहा?

या सगळ्यात मी एका माणसाच्या बोटाला कधी टोचलं नव्हतं, कारण तो फवारणी करत नव्हता. तो आमच्या शेळगावच्या घरी पोर्चमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचा. माझे वडील. सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं, म्हणून आम्हीही तात्याच म्हणतो.

तात्यांचं नाक म्हणजे काय प्रकार होता, हे बाहेरच्याला पटायचं नाही. गुऱ्हाळावर गुळाची कढई कधी उतरवायची ते लांबून सांगायचे. दूध नासायच्या आदल्या रात्री त्यांना कळायचं. मी शाळेत असताना एकदा मैत्रिणीच्या घरी अंडं खाऊन आले, तर दारातच विचारलं, किती खाल्लीस. अशा बापाच्या घरात पोरींनी लहानाचं मोठं व्हायचं म्हणजे शिक्षाच.

शेती भावाच्या हातात गेल्यावर तात्यांना काही काम उरलं नाही, पण बाजारात डुप्लिकेट औषधं आली आणि तात्यांचे दिवस पालटले. लेबल तेच, बाटली तीच, आत रंगीत पाणी. मग कुणीतरी बाटली घेऊन तात्यांकडं आलं. तात्यांनी झाकण उघडून हुंगलं आणि सांगितलं, हे खोटं हाय. ते खरंच खोटं निघालं. तेव्हापासून रिवाजच पडला. दुकानातून औषध आणलं, की शेतात जायच्या आधी तात्यांच्या पोर्चमध्ये. तात्या झाकण उघडणार, डोळे मिटणार, तळव्यावर थोडं ओतून चोळणार, नाकाशी नेणार. आणि मग सगळ्यांचं तोंड बघत थोडं थांबून म्हणणार, "दम हाय." एवढं ऐकलं की माणूस निर्धास्त. आत आई चहा टाकून टाकून वैतागलेली.

मी भांडले नाही असं नाही. दर सुट्टीला भांडले. हे कातडीतून आत जातं, तात्या, हात तरी धुवा. ते म्हणायचे, हात धुतला तर पुढच्या बाटलीशी ताडून कसं बघायचं? मी हातमोजे नेऊन दिले, ते त्यांनी डाळिंबाच्या फांद्यांना गुटी बांधायला वापरले. म्हणायचे, इतक्या वर्षांत मला काय झालं? आणि माझ्याच कागदावर तर सगळं लाल होतं.

मग डाळिंबाच्या बहाराचे दिवस आले. आमच्याकडं अमावस्येच्या आगेमागे फवारणी करायची पद्धत आहे, अळीचं अंडं तेव्हा पडतं म्हणतात, आणि पंप काढलेलाच असतो म्हणून फुलाचं औषधही त्याच वेळी मारून घेतात. त्यात त्या वर्षी तालुक्यात आवई उठली, की डुप्लिकेटचा मोठा लॉट आलाय. अमावस्येच्या आदल्या दिवशी तात्यांच्या पोर्चमध्ये म्हणे लग्नघरासारखी गर्दी होती. मोटरसायकली पार रस्त्यापर्यंत. तात्या सकाळी बसले ते दिवेलागणीलाच उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिकवते त्या बारामतीच्या कॉलेजात, प्रयोगशाळेत पोरांना ब्युरेट धरायला शिकवत होते. भावाचा फोन आला. तो एरवी फोनवर आधी टोमणा मारतो आणि मग बोलतो. त्या दिवशी टोमणा नव्हता.

"आक्का, तात्या निळं पडल्यात."

मी काही विचारायच्या आत त्यानं सगळं सांगून टाकलं. तात्या बाहेरून आले तेच चक्कर येऊन बसले. डोकं दुखतंय म्हणाले. ओठ जांभळे, नखं तशीच. आईनं बघितलं आणि निदान करून मोकळी झाली, की पान लागलंय. आमच्याकडं साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. पहाटे तात्या उसाच्या कडेनं गेले होते, पोटरीवर ओरखडाही होता. खात्री करायला आईनं रिवाजाप्रमाणं कडुलिंबाचा पाला चावायला दिला. विष चढलेलं असलं की तो कडू लागत नाही, असं सगळ्या गावाला माहीत आहे. आणि तात्यांनी तो मूठभर पाला मेथीच्या भाजीसारखा शांतपणे चावून गिळला. कडू लागतोय का विचारलं, तर म्हणाले, न्हाय.

संपलं. आळीतल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत साप सिद्ध झाला. जीप काढली होती आणि जिथं पान उतरवतात त्या देवळात न्यायची तयारी चालली होती.

पोरांसमोर मी काय काय बोलले ते इथं लिहिता येणार नाही. एवढंच सांगते, की ब्युरेट धरलेल्या एका पोरानं सगळं ॲसिड सोडून दिलं. मी भावाला विचारलं, काल किती बाटल्या हुंगल्या? तो म्हणाला, लई. मी म्हटलं, कोरोनात घेतलेलं बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र कपाटात असेल, ते लाव. त्यानं लावलं. आकडा पंच्याऐंशीच्या आसपास येऊन थांबला. पुस्तकात हाच आकडा असतो. या आजारात ते यंत्र गंडतं आणि तिथंच अडकून बसतं.

मी सांगितलं, अंगावरचे कपडे काढून टाक, साबणानं खसाखसा आंघोळ घाल, हात आणि नखं आधी, आणि सरळ इंदापूरला दवाखान्यात ने. देवळात नेलंस तर मी पुन्हा तुझ्या दारात पाय ठेवणार नाही. कधी नव्हे ते त्यानं सगळं निमूट ऐकलं. आईनं तेवढ्यात तात्यांच्या दंडाला काळा दोरा बांधलाच, पण तिला कोण अडवणार.

या आजारावर एकच इंजेक्शन आहे, मेथिलीन ब्लू. निळी शाई म्हणा ना. निळ्या पडलेल्या माणसाला निळी शाई टोचायची. आमच्या प्रयोगशाळेत त्याची गच्च भरलेली बाटली होती. शिपाई म्हणाला, मॅडम, हीच घेऊन जा की. ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या आधी कांद्याचं साल रंगवायची बाटली. ती बापाच्या शिरेत कशी टोचू? बारामतीतली औषधाची दुकानं पालथी घातली. तीन ठिकाणी नाव ऐकूनच लोकांनी मान हलवली. शेवटी एका मोठ्या दवाखान्याच्या खालच्या दुकानात ते इंजेक्शन मिळालं. पिशवी मांडीवर ठेवून गाडी इंदापूरच्या रस्त्याला लावली. रस्ताभर मी तात्यांना शिव्या देत होते आणि रडत होते. उसाच्या ट्रॉल्या पुढून हलत नव्हत्या, त्यांनाही दिल्या.

इंदापूरच्या दवाखान्यातला डॉक्टर पोरसवदा होता, पण गडी हुशार निघाला. सापाची लक्षणं जुळत नाहीत, हे त्याच्या आधीच लक्षात आलं होतं. प्राणवायूचा मुखवटा लावून आकडा वर सरकत नव्हता, म्हणून त्यानं रक्त काढून बघितलं होतं, आणि सुईतलं रक्त बघून तो हातातलं काम सोडून पुस्तकं आठवत उभा होता. मी जाऊन नाव सांगितलं तसा त्याचा चेहरा उजळला. परीक्षेत लिहिलं होतं, म्हणाला, बघितलं नव्हतं कधी. मग त्यानं मला विचारलं, तुम्ही डॉक्टर आहात का? मी म्हटलं, व्हायचीय, बरीच वर्षं झाली.

मी पर्समधून गाळणकागद काढला. तात्यांच्या बोटाला टोचलं. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, आलीस व्हय सुई घिऊन. एक थेंब त्यांचा, शेजारी एक माझा. डॉक्टर आणि मी कागदाकडं बघत राहिलो. माझा थेंब लाल झाला. तात्यांचा काकवीसारखाच राहिला. इतक्या गावांत, इतक्या उन्हांत जो थेंब मी शोधत होते, तो शेवटी आमच्या पोर्चमध्ये खुर्चीवर बसलेला होता. मला आनंद झाला नाही, राग आला. कुणावर ते मात्र कळेना.

इंजेक्शन दिलं तेव्हा अजून एक गंमत झाली. ती शाई रक्तात गेली की थोडा वेळ यंत्राला काहीच समजत नाही आणि आकडा आणखी खाली येतो. डॉक्टरनं आम्हाला आधी सांगितलं होतं. आईला कोण सांगणार? तिनं आकडा घसरताना बघितला आणि असा हंबरडा फोडला, की शेजारच्या खोलीतला पेशंट उठून बघायला आला. नंतर हळूहळू आकडा चढायला लागला. तात्यांचे ओठ आधी राखाडी झाले, मग जरा तांबूस. त्यांनी डोळे उघडले, आईकडं बघितलं आणि विचारलं, कोण गेलं?

संध्याकाळी लघवी निळीहिरवी झाली. हे मात्र तात्यांना आधी सांगायचं राहून गेलं होतं. तात्यांनी खाली बघितलं आणि मला हळूच जवळ बोलावलं. म्हणाले, घाबरू नको, पण माजं बहुतेक संपलं बघ. मी हसत सुटले. भावाला बोलावलं, तोही हसायला लागला. दिवसभराची भीती त्या भांड्याकडं बघून बाहेर पडली. तात्यांना मात्र त्यात हसण्यासारखं काय, हे शेवटपर्यंत समजलं नाही.

धोका अजून होता. हे द्रावक चरबीत दबा धरून बसतं आणि परत रक्तात येतं, म्हणून काही दिवस दवाखान्यातच ठेवायचं ठरलं. मी सुट्टी टाकून तिथंच राहिले. आणि तिथं बसल्या बसल्या मला एक गोष्ट कुरतडायला लागली. या आजारात ओठ निळे पडतात, डोकं दुखतं, धाप लागते. जिभेची चव जाते असं मी कुठंच वाचलं नव्हतं. मग कडुलिंब कडू का लागला नाही? दुसरं, नुसतं हुंगून आणि तळव्याला चोळून इतकं विष अंगात जाईल, हे मला पटत नव्हतं.

आई चहा आणायला खाली गेली तेव्हा मी दोन्ही प्रश्न विचारले. तात्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. मग जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं सांगितलं.

"वास येत न्हाय मला. कोरोनापासनं."

घरातले सगळे एकदमच पडले होते तेव्हा. बाकीच्यांचं नाक महिन्याभरात परत आलं. तात्यांचं आलंच नाही, आणि जिभेची चवही त्याच्याबरोबर गेली. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बाटल्या येतच राहिल्या. नाकाला कळत नाही म्हटल्यावर ते जास्त ओतायला लागले, मग तळव्यावरचं नाकपुडीला लावायला लागले, आणि त्यानंही जमेना तेव्हा बोट बुडवून जिभेवर. चव कळत नसली तरी जीभ चुरचुरते. चुरचुरली की दम आहे म्हणायचं. अमावस्येच्या आदल्या दिवशी कुणीतरी बिनलेबलचा कॅन आणला होता, पातळ न केलेला नुसता अर्क. जीभ बधिर झाली म्हणून काही कळेना, म्हणून ते त्यातलं दोनदा चाटून बसले.

एवढी वर्षं मी लोकांच्या बोटांना टोचत हिंडते आणि माझा बाप बसल्या जागी ते चाटतोय! मी म्हटलं, सांगायला काय झालं होतं? नाक गेलं तर गेलं, कितीतरी लोकांचं गेलं.

तात्या म्हणाले, "जमीन तुज्या भावाकडं. ट्रॅक्टर त्येचा. सोसायटीत त्यालाच बोलावत्यात. मला ह्या गावात अजून कोण कशासाठी ईचारतंय, सांग की."

त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला, की हे आईला नाही, भावाला नाही, कुणालाच सांगायचं नाही. पुन्हा बाटलीला हात लावणार नाही, असा शब्द मी त्यांच्याकडून घेतला. तो थेंब सापडल्याचं मी मार्गदर्शकांना कळवलं होतं, त्यांचा फोन आला, ते भलतेच खूश होते. विष शरीरात कोणत्या वाटेनं गेलं, हे नीट लिहून पाठवा म्हणाले, ते फार महत्त्वाचं आहे. मी म्हटलं, पेशंट माझे वडील आहेत, सर. ते म्हणाले, मग तर संमती सोपी आहे. मी फोन ठेवून दिला.

तात्या घरी आल्यावर भेटायला लोक यायला लागले. मला वाटलं होतं, आता गाव शहाणं होईल. मी रविवारी बारामतीहून गेले तर पोर्चमध्ये सात-आठजण बसलेले. हातात नारळ, केळी, आणि शेजारी बाटल्या. तब्येत विचारायला आलोय, म्हणाले, आणि जमलं तर हे तेवढं बघून घ्या. तात्या शाल गुंडाळून खुर्चीत. ते म्हणाले, डॉक्टरनं मनाई केलीय. लोकांनी माना डोलावल्या. बरोबर हाय, म्हणाले, आता तुमी नका कष्ट घेऊ.

मग त्यांतला एक ढोबळी मिरचीवाला पुढं सरकला. शेडनेट लावलेला, घरी दोन बारक्या पोरी असलेला चांगला कर्ता गडी. त्यानं बाटलीचं झाकण उघडलं, करंगळी आत बुडवली आणि बाकीच्यांना सांगायला लागला, की तात्यांची पद्धत मी बघून ठेवलीय, नाकानं नीट समजत नाही, जिभेवर घ्यायचं, चुरचुरलं तर खरं.

मी ओरडले. माझं रसायनशास्त्र, माझे कागद, दवाखाना, निळे ओठ, सगळं बोलले. त्यानं फार अदबीनं ऐकून घेतलं. शिकलेल्या बाईचं जितक्या अदबीनं ऐकतात तितक्या. आणि म्हणाला, मॅडम, तात्यांना वयामुळं बाधलं. आमी थोडंच घेतो. मागं बसलेल्यांनी मान हलवली. माझं तिथं कुणी ऐकणार नव्हतं. तात्यांचं ऐकलं असतं. मी तात्यांकडं बघितलं. शब्द मी दिला होता, तो मोडायला नको होता, पण करंगळी वर चालली होती आणि माझं तोंड उघडलंच होतं.

"थांब," तात्या म्हणाले. "मला वास येत न्हाय."

मिरचीवाल्याला आधी उमजेना. आजारानं गेला असेल, येईल परत, असं कायतरी म्हणाला.

"कोरोनापासनं येत न्हाय. चवबी न्हाय. इतकी वर्षं तुमच्या बाटल्या मी उगंच हुंगत हुतो. जीभ चुरचुरली की खरं म्हणायचो, त्यापायी मरता मरता राहिलो. ते बोट काढ भायेर. जा, साबणानं धू."

तो उठला आणि नळाकडं गेला. पोर्चमध्ये कुणी कुणाकडं बघेना. भाऊ ट्रॅक्टरपाशी उभा होता, तो तसाच उभा राहिला. हात धुऊन आलेल्या मिरचीवाल्यानं मग चाचरत विचारलं, की गेल्या साली माझी बाटली खोटी म्हणून सांगितलं होतं आणि ती खोटीच निघाली, ते मग कसं?

"तुज्या तोंडाकडं बघून," तात्या म्हणाले. "स्वस्तात आणलेला माणूस बाटली देतानाच खाली बघतो. ज्यानं चांगल्या दुकानातनं आणलीय, त्याला मी दम हाय म्हणायचो."

एकजण फिस्सकन हसला आणि मग दोघं-तिघं. तेवढ्यात माझं लक्ष दाराकडं गेलं. आई चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती तात्यांकडं बघत होती, बाकी कुणी तिथं नसल्यासारखी.

तिनं विचारलं, "मग रोज ताटावर बसलं की म्हणायचा, आज फोडणीचा वास झकास सुटलाय, ते?"

तात्यांनी मान वर केली. मग म्हणाले, "तुज्याबी तोंडाकडं बघून."

आई हसली नाही. तिनं ट्रे तिथंच खाली ठेवला.

"मी काय बाटली घिऊन आल्ते व्हय तुमच्याकडं?" ती म्हणाली आणि आत गेली.

तात्या खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठले, शाल सावरली आणि तिच्या मागोमाग आत गेले.